डबीतून न निघालेली वचनं

"...मग देव मुद्दाम गप्प बसतो का, मावशी? तेवढं एक सांगा."

सगुणामावशी देवळाच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. नगरकडच्या त्या मिशन कंपाउंडात चर्चला सगळे देऊळच म्हणतात. सातची घंटा नुकतीच झाली होती. मावशींनी सुपातला एक खडा उचलला, निरखून बघितला आणि फेकून दिला.

"किती दिवस विचारतोयस?"

"चौदा. आज पंधरावा."

"गुडघ्यावर?"

"गुडघ्यावर म्हणजे काय! पहाटे पाचला उठून, गार पाण्यानं अंघोळ करून. अर्धा अर्धा तास."

तसा जयवंत भिंगारदिवे प्रार्थनेत कुणाला ऐकणारा नव्हताच. शाळेचा हेडमास्तर, चर्चच्या मंडळीचा पंच. रविवारी हा प्रार्थनेला उभा राहिला, की बायकांना चुलीवर ठेवून आलेल्या रश्श्याची काळजी लागायची. राजे, प्रधान, आजारी, प्रवासी, सगळ्यांना देवापुढे नेऊन आणल्याशिवाय गडी शेवटचं आमेन म्हणायचा नाही. आणि त्याला हे शिकवलं कुणी, तर याच मावशींनी. ऐंशी वर्षांची ही बाई. उमेदीची सगळी वर्षं खेडोपाडी पायी फिरून बायबलचं वचन सांगत हिंडली आणि कंपाउंडातल्या तीन पिढ्यांना रविवारच्या शब्बाथ शाळेत हिनंच हात जोडायला शिकवलं. जयवंत तिचा लाडका विद्यार्थी. वचनं तोंडपाठ म्हणण्याचं बक्षीस सलग सात वर्षं त्यानं दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नव्हतं.

आज मात्र बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

गोष्ट लहान नव्हतीच. धाकटा भाऊ बेन्यामीन, सगळ्यांचा बेनू, भजनाला ढोलकी वाजवणारा, त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नगरला जाऊन मशीनवर पडून राहायचं आणि पिळून काढल्यासारखं घरी यायचं. जयवंतची किडनी त्याला जुळते, असा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "घाई नाही करत, पण पंधरा दिवसांत हो की नाही ते कळवा. पुढं बेनूची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी राहणार नाही."

आज दहा वाजता फोन करायचा होता.

"आणि देव काहीच बोलला नाही?" मावशींनी विचारलं.

जयवंतनं पिशवीतून पत्र्याची एक गोल डबी काढली. झाकणावरचं चित्र पार झिजलेलं. ही डबी मावशींनीच त्याच्या लग्नात दिलेली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पट्ट्या कापून, एकेकीवर आपल्या हातानं एकेक वचन लिहून, सुरळ्या करून त्यांनी ती भरली होती. भिंगारदिव्यांच्या घरात सकाळची प्रार्थना झाली, की एक चिठ्ठी निघायची. दिवस तिच्यावर चालायचा. जयवंतनं नोकरीही अशीच घेतली होती आणि जमीनही अशीच विकली होती.

"रोज डोळे मिटून काढतो. एक दिवस मोहरीचा दाणा निघाला. एक दिवस द्राक्षवेल. एक दिवस जाळं आणि मासे. आता माशांवरून मी काय समजू? आणि चार वेळा, मावशी, चार वेळा 'भिऊ नको' निघालं! अहो, कशाला भिऊ नको? देऊ म्हणून भिऊ नको, की नाही म्हणायला भिऊ नको? देवानं जरा नीट सांगायला नको?"

मावशींना हसू आलं. ते त्यांनी सुपात बघूनच आवरलं.

"म्हणून म्हटलं, आज तुम्ही काढा," जयवंत म्हणाला. "तुमच्या हातनं येईल ते मान्य. मी मागं फिरणार नाही."

मावशींनी डबी घेतली. झाकण उघडलं नाही. नुसती तळहातावर धरून वरखाली केली.

...

"हलकी लागते," त्या म्हणाल्या.

"हलकी?"

"मी गच्च भरली होती. बोट जाईना इतकी."

जयवंतनं झटकन झाकण काढलं. खरंच, डबी पाव रिकामी होती. इतके दिवस डोळे मिटून हात घालणाऱ्याला ते दिसणार कसं?

"अरेच्चा! हे कुणी..."

मावशी गुडघ्यावर हात देत उठल्या. देवळात जाऊन आपली कापडी पिशवी घेऊन आल्या. त्यातून एक गाठ मारलेला रुमाल काढून त्यांनी पायरीवर ठेवला. निळ्या चौकटीचा रुमाल. ढोलकी वाजवताना घाम पुसायला बेनू हाच मांडीवर घ्यायचा.

जयवंत एकदम उभाच राहिला.

"बेनू? बेनूनं काढल्या? आपल्याच घरातून? देवाच्या वचनाची चोरी केली त्यानं?"

"हळू बोल. देवळाची पायरी आहे."

"हळू कसं बोलू? मी चौदा दिवस गुडघे फोडतोय आणि हा..." त्याचा आवाज चिरकला. "का पण? त्याच्याच जिवासाठी तर मी विचारत होतो!"

मावशी खाली बसल्या. सूप बाजूला सारलं.

"ज्या दिवशी रिपोर्ट आला ना, त्याच दिवशी आला होता. रिक्षा करून, एकटाच. धड उभं राहता येत नव्हतं त्याला. म्हणाला, मावशी, दादा आता रोज सकाळी चिठ्ठी काढणार. यातली एखादी निघाली, तर तो बांधला जाईल. मनात नसताना हो म्हणेल. माझ्यापायी देवानं दादाचा हात पिरगळायला नको. तेवढं ठेवून घ्या, म्हणाला, आणि काही झालं तरी सांगू नका."

जयवंत पायरीवर बसला. बेनू? लहानपणी चिंचेचं बुटूकसुद्धा अर्धं करून न देणारा बेनू? मरणाच्या दारात बसून त्यानं हे केलं?

"सांगू नका म्हणाला होता," जयवंत पुटपुटला.

"हो. आज मी शब्द मोडला. त्याची माफी मी मागेन."

...

वाऱ्यानं सुपातला कोंडा थोडा उडाला. जयवंत रुमालाकडं बघत होता. मग त्यानं काय केलं असेल? सवय मेली जात नाही. त्यानं गाठीकडं हात नेला.

"मग आता यातली एक काढू?"

मावशींनी फटकन त्याच्या हातावर चापट मारली. पन्नाशीच्या हेडमास्तरला, देवळाच्या दारात. शब्बाथ शाळेत मारायच्या तशीच.

"सोडायचं नाही. गाठ न सोडता सांग, आत काय आहे."

"मला कसं कळणार?"

"सात वर्षं बक्षीस घेतलंस. सांग."

"मावशी..."

"सांग!"

जयवंतनं ओठ ओले केले.

"एक... भावावर प्रीती करण्याचं असेल."

"पुढं."

"दोन अंगरखे असणाऱ्यानं एक द्यावा, ते."

"पुढं."

"मित्रासाठी जीव देण्याचं." आवाज बारीक होत चालला होता. "भावाला अडचणीत बघून दार लावून घेणाऱ्याचं. एकमेकांची ओझी वाहायचं..."

एकेक वचन बाहेर यायला लागलं. क्रमानं, न चुकता, बक्षिसाच्या दिवशी यायचं तसं. आणि मध्येच जयवंत थांबला.

त्याला आपली चौदा दिवसांची पहाट दिसली. सुरळी उलगडायची, अक्षर दिसेपर्यंत श्वास रोखून धरायचा. मोहरीचा दाणा दिसला की श्वास सुटायचा. हुश्श! आज तरी नाही निघालं. नेमकं काय निघालं नाही म्हणून आपण रोज हुश्श करत होतो? हीच. रुमालातली हीच. आपल्याला तर ती नावानिशी माहीत होती! पहिल्या दिवसापासून माहीत होती!

"अरे देवा," तो म्हणाला. पंधरा दिवसांतली त्याची सगळ्यात लहान प्रार्थना तीच असावी.

मावशी त्याच्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"बेनूनं ती डबीतून काढली, जयवंता," त्या म्हणाल्या. "तू कुठून काढलीस?"

...

जयवंत ढसाढसा रडला. येणारेजाणारे बघत होते, पण त्याला त्याचं भान नव्हतं. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि खिशातून फोन काढला. डॉक्टरांचा नंबर समोर आला. अंगठा त्यावर जाईना.

"भीती वाटते हो, मावशी. कापतील म्हणून भीती वाटते. पोरं अजून मार्गी लागली नाहीत म्हणून भीती वाटते. मला लाज वाटते सांगायची, पण फार भीती वाटते."

"हं."

"बेनू... तो पण करतो का हो सकाळची प्रार्थना?"

"करतो. तू पाचला उठतोस ना? तो त्याच्या आधी, त्यानंच सांगितलं मला. उशीत तोंड खुपसून, तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"काय मागतो?"

"एवढंच. दादाची भीती जाऊ दे."

"आणि स्वतःसाठी?"

मावशींनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

जयवंतनं फोन मुठीत धरून देवळाच्या दाराकडं पाहिलं.

"थांबा, मावशी. आधी जरा आत जाऊन प्रार्थना करून येतो. मग लावतो फोन."

तो उठणार, तेवढ्यात मावशींनी त्याचं मनगट पकडलं.

"प्रार्थना बेनूनं केलीय," त्या म्हणाल्या. "तुझं आमेन तेवढं राहिलंय."