निळीच्या रांजणाचा घास

एकदा काय झालं, एका गावात येसू नावाची रंगारीण राहत होती. नवरा देवाघरी गेलेला. घरात ती आणि तिची एवढीशी लेक, ठकू. आणि अंगणात निळीचा रांजण, सासूच्या सासूपासूनचा.

निळीचा रांजण जिवंत असतो, बरं का. त्याला गूळ घालावा, चुन्याची निवळी घालावी, की तो छान फेसाळतो. उपाशी ठेवला की नासतो, आणि मग काही केल्या सुधारत नाही. म्हणून त्या घरची रीतच होती, आधी रांजणाला घास, मग माणसांना. त्यात कापसाचं पांढरं सूत बुडवायचं. बाहेर काढलं की ते हिरवं दिसतं. मग वारा लागतो आणि बघता बघता निळं होतं. तोवर त्याला बोट लावायचं नाही. लावलं तर डाग पडतो, तो जन्मात जात नाही.

मग दुष्काळ पडला. गूळ संपत आला. ठकू म्हणाली, "आई, मला गोड दे ना." येसूनं मडकं खरवडलं आणि सगळं रांजणात घातलं. मग पायातली जोडवी देऊन गूळ आणला. तोही रांजणानंच खाल्ला. मग शेवटी एकच खडा उरला. ठकू तापानं फणफणली होती. "आई, गोड," एवढंच म्हणाली. येसूचा हात तिच्याकडे गेला, मागे आला, आणि सवयीनं रांजणाकडे वळला.

तिन्हीसांजेला ठकू गेली. फार वाईट झालं, बाळांनो. असं कुणाचं होऊ नये.

येसू रांजणाला कवटाळून रडत बसली. मग आतून आवाज आला, "येसू, तुझ्या लेकीच्या तोंडचे घास मी खाल्ले. ते परत करतो. तिला कोऱ्या सुतात गुंडाळ आणि माझ्यात बुडव. निळं होईपर्यंत बोट लावायचं नाही, ही रीत तेवढी विसरू नकोस. मी मात्र आता उरत नाही."

येसूनं लेकीला सुतात गुंडाळलं, बुडवलं, बाहेर काढून बाजेवर ठेवलं. सूत हिरवंगार. मग वारा आला. पायांकडून निळं होत चाललं. आधी पाय हलले. मग छाती हलली. मग ठकूनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई."

आता कुठली आई थांबेल, सांगा बरं? येसूनं तिचा हात धरला. मनगटावरचं सूत अजून हिरवंच होतं.

ठकू जगली. पण जिथे आईची बोटं लागली, तिथे मनगट पांढरं आणि गार राहिलं, कायमचं. सकाळी रांजणात नुसतं पाणी होतं. रंगाचं काम गेलं ते गेलंच. मायलेकी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागल्या. घरात गूळ आला की पहिला खडा ठकूच्या तोंडात. दोघी सुखानं राहिल्या, असंच म्हणायचं. पण रोज निजताना येसू ते मनगट मुठीत धरून बसायची, ऊब येईपर्यंत. सकाळी ते पुन्हा गार.

आणा रे तुमचे हात इकडे. गारठलेत बघा. मी धरते, तुम्ही डोळे मिटा.