देवदाराला पाठ घासणारी अस्वलीण

एक होता राजा. हेमकेतू त्याचं नाव. त्याचं राज्य होतं लांब उत्तरेला. भर उन्हाळ्यातसुद्धा तिथल्या डोंगरमाथ्यावरचं बर्फ जात नाही. त्या डोंगरांत अस्वलं राहायची. आपल्या रानात काळी असतात ना, तशी नव्हेत बरं का. ही तपकिरी. मानेमागे उंचवटा, आणि अंगानं आपल्या म्हशीपेक्षा भरदार.

तर एकदा काय झालं, राजाला मुलगा झाला. सगळ्या नगरात साखर वाटली. पण त्या घराण्याची एक रीत होती. बारशाला बाळाला अस्वलाच्या कातड्यावर निजवायचं, आणि ते कातडं बापानं स्वतः आणायचं. त्याशिवाय बाळाला नाव ठेवायचं नाही.

मग राजा निघाला. बरोबर पन्नास घोडेस्वार, ढोल, हाकारे घालणारी माणसं. दिवसभर डोंगर दणाणून सोडला. अस्वल सोडा, ससासुद्धा दिसला नाही.

मग राजा दुसऱ्यांदा गेला. पाचच शिपाई, तेही पायी, गुपचूप. चिखलात ताटलीएवढी पावलं दिसली. पावलांमागून गेले, गेले, तर पुढं नुसतं रान. संध्याकाळी परतताना वाटेत एक म्हातारी मेंढरं घेऊन येत होती. तिचं नाव भागाई. राजाचं पडलेलं तोंड बघून ती हसली.

म्हणाली, "राजा, अंगाला अत्तर लावून आलास होय? तुझा वास खाली ओढ्यापासून येतोय. अस्वलं केव्हाच पलीकडच्या दरीत गेली."

"तू पाहिलीस?"

"मी रोज पाहते."

बारशाला चारच दिवस उरले होते. राजा म्हणाला, "आजी, मला दाखवशील?"

"दाखवीन. पण एकटा ये. माझं घोंगडं पांघर. आणि सांगेन तिथं बस. हलायचं नाही, बोलायचं नाही."

राजाला आजवर कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. तरी तो कबूल झाला. मात्र घोंगड्याखाली त्यानं धनुष्यबाण घेतला. भागाईनं तो पाहिला आणि वाटेला लागली.

मग उजाडता उजाडता दोघं ओढ्याच्या वर एका खडकावर जाऊन बसली. ऊन वर आलं. राजाच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. तो हलला नाही.

आणि मग झाडीतून अस्वलीण आली. मागं दोन पिल्लं.

तिनं काय केलं? चार माणसांना हलणार नाही असा धोंडा तिनं एका पंज्यानं उलथला, आणि खालच्या मुंग्या अगदी नाजूक जिभेनं टिपल्या. मग ओढ्यात शिरली. उभी राहिली, उभी राहिली, आणि झपकन मासा तोंडात. पिल्लांनी त्यावरून मारामारी केली. मग ती देवदाराच्या झाडाशी गेली, दोन पायांवर उभी राहिली आणि पाठ खसाखसा घासू लागली. सगळं झाड हलत होतं, आणि हिचे डोळे सुखानं मिटलेले. राजा बघतच राहिला. एवढी ताकद, आणि एवढा निवांतपणा, त्यानं कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात एक पिल्लू हुंगत हुंगत थेट राजापाशी आलं. घोंगड्याला नाक लावलं. आईनं वळून पाहिलं. ती आली. दहा हातांवर येऊन उभी राहिली, राजाच्या दुप्पट उंच. तिच्या श्वासाला माशांचा वास येत होता. राजाचा हात धनुष्यावर गेला.

भागाई हळूच म्हणाली, "खाली बघ. तिच्या डोळ्यांत बघू नकोस."

राजानं मान खाली घातली. हळूहळू त्यानं हात धनुष्यावरून काढला. अस्वलिणीनं फुस्स केलं. पिल्लू धावत आईकडे गेलं. मग ती थोडी दूर गेली, उताराला पाठ टेकून बसली आणि पिल्लांना दूध पाजू लागली. पिल्लं पिताना गुणगुणत होती, मोहोळातल्या माशा गुणगुणतात ना, तशी.

राजाला घरची राणी आठवली. तीही अशीच भिंतीला टेकून बाळाला घेऊन बसायची.

अस्वलं निघून गेली. भागाई म्हणाली, "राजा, तुझा बाण तसाच राहिला."

"आजी, हिला मारून काढलेल्या कातड्यावर माझं बाळ कसं निजवू? राहू दे त्याला बिननावाचं." राजाचे डोळे भरले होते.

मग भागाईनं त्याला देवदाराशी नेलं. सालीत जागोजाग मऊ लोकर अडकली होती. ती म्हणाली, "बर्फ सरलं की त्यांची थंडीची लोकर झडते. आता ही त्यांना नको असते."

राजानं झाडाझाडाशी जाऊन, दोन दिवस, स्वतःच्या हातानं ती लोकर वेचली. राणीनं ती धुतली, उन्हात वाळवली आणि तिची इवलीशी गादी शिवली.

बारशाला म्हातारे पुरोहित म्हणाले, "महाराज, कातडं कुठं आहे?"

राणीच म्हणाली, "अस्वलाची ऊब बाळाला मिळाली, गुरुजी. आणि अस्वल डोंगरात आहे. पाळणा म्हणा आता."

पुरोहित पाळण्याशी वाकले. त्यांनी गादीवर हात फिरवून पाहिला. आणि मग बायकांना म्हणाले, "म्हणा."

बाळाला नाव मिळालं. त्या राज्यात पुन्हा कुणी अस्वल मारलं नाही. राजा सुखात राहिला, राणी सुखात राहिली, भागाई मेंढरांत आणि अस्वलं डोंगरात सुखात राहिली. थंडी पडली की ती गुहेत शिरत आणि थेट बर्फ वितळेपर्यंत झोपत. तुम्हाला काही तेवढं झोपायचं नाही, सकाळी शाळा आहे. ओढा बघू पांघरूण, आणि मिटा डोळे.