आदल्या दुपारचा खेळ

मुलांच्या कवटीची आणि चेहऱ्याची व्यंगे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध शल्यविशारदांकडे एकदा एक शिष्य विद्या शिकत होता. हात विलक्षण हलका, बुद्धी तल्लख आणि घाई मात्र पाचवीला पुजलेली. गुरूंची बहुतेक विद्या त्याने आत्मसात केली होती. एक गोष्ट त्याला कधी पटली नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी गुरू मुलाच्या खाटेपाशी जात, त्याच्या डोळ्यांवर मऊ रुमाल बांधत आणि आंधळी कोशिंबीर मांडत. खेळ तरी कसला! आईने जवळ बसून गाणे म्हणायचे, घास भरवायचा. मुलाने न पाहता तिचा हात ओळखायचा. ओळखला की गुरू स्वतःच टाळ्या पिटत. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे म्हणून शिष्य मनातल्या मनात हसे. कारण मात्र त्याने कधी विचारले नाही.

पुढे गुरूंना परगावी जावे लागले. त्याच सुमारास चार वर्षांची रेणू दाखल झाली होती. तिची कवटी वेळेआधीच सांधली गेली होती. वाढत्या मेंदूला आत जागा उरली नव्हती. ती शस्त्रक्रिया शिष्यावर सोपवून निघताना गुरू एवढेच म्हणाले, "सगळं तुला येतंच. तेवढा खेळ चुकवू नकोस."

शिष्याने रक्ताची सोय केली, भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घेतले, पोर उपाशी किती वेळ ठेवायचे ते पाहिले, उबदार पांघरुणेसुद्धा काढून ठेवली. खेळ तेवढा राहिला. "पोरखेळाला वेळ कुणाला आहे?" असे तो परिचारिकेला म्हणालाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी, अशा वेळी येतेच तशी, चेहऱ्याला सूज आली आणि रेणूच्या दोन्ही पापण्या घट्ट मिटल्या. हे होणार, हे शिष्याला ठाऊक होते. आईलाही त्याने सांगितले होते. रेणूला कुणीच काही सांगितले नव्हते. गुंगी उतरली तशी ती किंचाळत उठली.

"आई, दिवा लाव!"

"मी हाय गं बाय, हितंच हाय," आई म्हणाली. पण लेकीचा तो सुजलेला चेहरा पाहून रडता रडता तिचा आवाज पार बदलून गेला होता.

"तू आई न्हाईस! माझ्या आईला बोलवा!"

रेणूने आईचा हात झिडकारला, डोक्यावरची पट्टी ओरबाडली; टाक्यांतून रक्त आले. अखेर ते इवलेसे हात शिष्याला मऊ कापडाने खाटेशी बांधावे लागले. आई उशाशी तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

गुरू परतले. त्यांनी ते हात पाहिले, सोडले आणि आपल्या हातांत धरून बसले. शिष्याने ओशाळून विचारले, "सर, आता खेळू या का तिच्याशी?"

"आता? वरातीमागून घोडं," गुरू खिन्नपणे म्हणाले. "अरे, अंधाराची ओळख उजेडात करून द्यायची असते. खेळात अंधार भेटला, तर मूल त्यात आईला शोधायला शिकतं. न सांगता आला, तर आईसुद्धा परकी होते. तुझं शस्त्र कुठंही चुकलं नाही. पण आपण तिचे डोळे काही दिवस मिटणार होतो, आणि तेवढं तिलाच सांगायचं राहिलं. आता नुसतं बसून राहा तिच्याजवळ."

शिष्य बसून राहिला. जिवाला फार लागले होते त्याच्या, पण गेलेली दुपार काही परत आणता येत नव्हती.

यथावकाश सूज ओसरली. रेणूच्या पापण्या किलकिल्या झाल्या. समोर आई होती. खाटेपासून ती क्षणभर हलली नव्हती. रेणूने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि रुसक्या आवाजात विचारले,

"आई, तू कुठं गेली हुतीस गं?"

आईने तिचा हात हातात घेतला. तिने शिष्याकडे पाहिले. जखमेविषयी, टाक्यांविषयी, डोक्याच्या सुरेख आकाराविषयी काही विचारले असते, तर तो तासभर सांगू शकला असता.