बाळंतिणीची खोली

एका गावात एक म्हातारा होता, आणि अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्याएवढी मासळीची पारख कुणालाच नव्हती. असं तोच सांगायचा. छाती पुढे काढून सांगायचा आणि लगेच पुस्ती जोडायचा, "आता एकदा बेडकाची पिल्लं मासे समजून घरी आणली, ती गोष्ट वेगळी. फोडणीत पडल्यावर कळलं." मग सगळ्यांच्या आधी स्वतःच खो खो हसायचा.

थट्टेशिवाय त्याला अन्न पचत नसे. पुजाऱ्याच्या छत्रीत तांदळाचा भुसा भरायचा आणि पाटलाच्या बैलाला पाटलाच्याच नावानं हाक मारायची. गाव हसायचं. हसायची नाही ती एकटी त्याची म्हातारी. तिनं सगळ्या थट्टा आधी घरातच भोगलेल्या असत.

म्हाताऱ्याची भातखाचरं ओढ्याच्या काठाला होती. सगळ्यात खालच्या खाचराच्या कोपऱ्यात एक खोल डबरं होतं. उन्हाळ्यात ओढा आटून दगड उघडे पडत, तरी या डबऱ्यात पाणी असे. ओढ्यातले उरलेसुरले मासे पाण्याबरोबर सरकत सरकत तिथे येऊन राहत. पावसाळा लागला की अंड्यांनी जड झालेल्या माद्या तिथून निघून खाचरांत शिरत, भाताच्या रोपांत अंडी घालत. भात पिकलं की गावचे लोक खाचराचा बांध आधी डबऱ्याच्या बाजूनं फोडत आणि मगच ओढ्याच्या बाजूनं. म्हणजे पाण्याबरोबर पिल्लं डबऱ्यात उतरत. गावच्या बायका त्या डबऱ्याला 'बाळंतिणीची खोली' म्हणत. तिथे जाळं टाकायचं नाही, असा गावाचा रिवाज होता.

म्हातारीला मूलबाळ नव्हतं. उन्हाळ्यात ती रोज मूठभर कोंडा घेऊन खोलीवर जायची. तिथे एक थोराड मरळ होती. पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर तरंगायचा आणि मरळ खालून राखण करायची. म्हातारी तिला सांगायची, "बाई गं, जरा ऊन कमी होऊ दे, मग वर ये."

म्हातारा मागून ओरडायचा, "एवढी बाळंतपणं झाली माझ्या शेतात, पण बारशाला मला एकदाही बोलावलं नाही!"

एका उन्हाळ्यात म्हातारी भाचीच्या लग्नाला गेली. इकडे शेजारी पारावर म्हणाला, "काका, तुमचा तो कोपरा फुकट जातो बघा. बुजवलात तर चांगलं दोन टोपल्या भात होईल. पण काकी बुजवू द्यायच्या नाहीत. घरात चालतं कुणाचं, ते आम्हाला ठाऊक आहे!"

पार हसला. दुसऱ्याची टोपी उडवणाऱ्याची टोपी उडाली की फार झोंबतं. म्हातारा तडक उठला, आणि पारावरची मंडळी मागोमाग निघाली. डबऱ्याच्या काठावर उभा राहिला तेव्हा मरळ सवयीनं वर आली. तिला वाटलं, कोंडा आला. म्हाताऱ्याचा हात क्षणभर थांबला. मागून कुणीतरी हसलं, आणि मग तो थांबला नाही.

पाणी उपसलं. मोठे मासे टोपलीत गेले. बारीक पिल्लं चिखलात तडफडत होती, त्यांच्यावर माती पडली. संध्याकाळी त्यानं सगळ्या आळीला जेवायला बोलावलं आणि वाढताना म्हणाला, "घ्या, बारशाचं जेवण!" लोक पोट धरधरून हसले. नाकं मुरडू नका. तुम्हीही पंगतीला बसला असतात आणि कालवण मागून घेतलं असतंत.

म्हातारी परतली. कोंडा घेऊन गेली आणि मूठ तशीच मिटलेली घेऊन परत आली. म्हातारा म्हणाला, "तुझ्या लेकी सासरी गेल्या गं."

तिनं मूठ उघडली. कोंडा कोंबड्यांना टाकला आणि चूल पेटवायला बसली.

त्या वर्षी कोपऱ्यात भात खरंच झालं. पण खाचरांत एकही पिल्लू दिसलं नाही. पुढच्या वर्षी डासांनी गाव हैराण झालं, रोपांवर कीड चढली. ओढ्याला पूर आला की लोक मासे धरायला बांबूची खोईन लावून बसत, तिच्यात नुसता पालापाचोळा येई. शेजारी आता पारावर मान खाली घालून बसायचा.

म्हातारा मुकाट्यानं कुदळ घेऊन आला. त्यानं तेच डबरं पुन्हा खणलं. पाणी लागलं, चांगलं कमरेएवढं लागलं. मग मडकं घेऊन तो वरच्या गावात गेला. "एक मरळीची जोडी द्या हो. पाया पडतो."

तिथला म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे तरी कुठून येणार? आमच्या शेतात मासे चढायचे ते तुमच्याच खालून."

रिकामं मडकं घेऊन तो घरी आला. बायकोसमोर एखादी थट्टा करावी म्हणून तोंड उघडलं, पण काही सुचेना.

वर्षं गेली. डबऱ्यात पाणी तेवढं राहिलं. एकदा आळीतली मुलं काठावर खेळत होती. म्हाताऱ्यानं त्यांना जवळ बसवलं आणि एका मूर्ख म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. मुलं हसली, मग डबऱ्यात वाकून बघू लागली. म्हातारी जवळच कोपऱ्यातलं गवत कापत होती.

म्हातारा घसा साफ करून म्हणाला, "आता तात्पर्य ऐका. ज्या पाण्यात जीव वाढतो, ते पाणी चार लोकांच्या हसण्यापायी बुजवू नये. मागून खड्डा खणता येतो, जीव खणून काढता येत नाही. राहील ना ध्यानात?"

"राहील," एक लहान मुलगी म्हणाली. "पण आजोबा, मरळ म्हणजे काय?"

विळा खाली ठेवून म्हातारी म्हणाली, "हं, दाखवा ना तिला."