भात्याचे कातडे

एकदा एक लोहार आपल्या भट्टीसमोर धापा टाकत वैद्यबुवांची वाट पाहत होता, औषधासाठी कमी आणि भांडायला जास्त. वृद्ध वैद्य शिष्यासह येताच तो उखडला.

"तुमचा हा शिष्य काल सांगून गेला, हृदय दुबळं झालंय, काम सोड! अहो, घण खाली ठेवून करू काय? खाटेवर पडून मरणाची वाट बघू? ते आपल्याला जमायचं नाही. काय औषध द्यायचं ते द्या!"

वैद्यांनी भट्टीकडे नजर टाकली. पलीकडे लोहाराची बायको सगुणा घामाघूम होऊन भाता ओढत होती, तरी निखारे काही फुलेनात. "अगं, हात चालव की! जेवली नाहीस का?" लोहार तिच्यावर खेकसला.

वैद्यांनी तेलाची बुधली काढली. लोहाराने छाती चोळून घ्यायला बंडीचे बंद सोडले. पण वैद्य त्याला ओलांडून गेले आणि भात्याच्या वाळून ताठ झालेल्या कातड्याला तेल चोळत बसले.

"अहो, आजारी मी आहे की भाता?"

कातडे मऊ पडल्यावर वैद्य म्हणाले, "ओढ, मुली." सगुणाने भाता ओढला आणि भट्टी भडकली.

"बघितलंत?" ती उसळली. "इतके दिवस माझ्या हातांना बोल लावत होता!"

वैद्य शिष्याकडे वळले. "तूही हृदयाला असाच बोल लावलास. रक्तवाहिन्या लवचीक असतात. ठोक्यासरशी फुगतात, पुन्हा आवळतात, रक्त पुढे सारायला हातभार लावतात. वयाने, तंबाखूने, अति मिठाने त्या ताठरल्या की हृदयाला एकट्याने जोर लावावा लागतो. मग ते थकणार नाही तर काय? त्यांना वरून तेल चोळता येत नाही. तंबाखू सोडायची, मीठ आवरायचं, रोज चालायचं. कातडं नव्यासारखं होईलच असं नाही, पण भार हलका होईल. तोवर घण खालीच."

"मी आजवर कुणापुढे वाकलो नाही," लोहार पुटपुटला.

"मग आताही वाकू नकोस. लढ! पण आपल्याच हृदयाशी कशाला लढतोस?"

लोहाराने कमरेची चंची उपसून तंबाखू उकिरड्यावर झटकली आणि पायांत वहाणा सरकवल्या.

"आता कुठे निघालात?" सगुणाने विचारले.

"भात्याला तेल द्यायला!" तो गुरगुरला आणि ओढ्याच्या वाटेने सावकाश चालू लागला.