डब्यातली शांत मुलगी

आमच्या सोसायटीचे चेअरमन रेगेसाहेब म्हणजे पोरांच्या आवाजाचे हाडवैरी! ऐन भोंडल्यात ते अंगणात येऊन गरजले, "हा धिंगाणा उद्यापासून बंद! पोरांनी घरात टॅब घेऊन बसायचं, माझ्या इरासारखं!"

गाणं थांबलं, मुली हिरमुसल्या. भोंडला पुष्पाकाकूंचा होता. पाटावरच्या झाकलेल्या डब्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "साहेब, आधी आमची खिरापत ओळखा."

"डब्यात काय आहे ते बाहेरून कसं कळणार?"

"मग तुमच्या पोरीच्या मनातलं बाहेरून कसं कळतं?"

"त्यासाठी तिच्या मनगटावर घड्याळ बांधलंय!" साहेबांनी ऐटीत फोन काढला. "तिचं हलणं, ओरडणं सगळं मोजतं. हे बघा, तासाभरात जागची हललेली नाही, तोंडातून अवाक्षर नाही. घड्याळ सांगतंय, 'मूल अतिशय आनंदी'!"

"नक्की?"

"शंभर टक्के! खोटं ठरलं तर मी स्वतः फेर धरीन!"

काकूंनी झाकण उचललं. आत वाटली डाळ होती आणि डाळीच्या वाटीशेजारी इराने येताना काढून दिलेलं घड्याळ!

"बाबा, मी इथे आहे!" फेरातून घोगरा आवाज आला. घामाघूम, केस सुटलेली, गाऊन गाऊन घसा बसलेली इरा हसत होती. फोनमधून मान वर केली असती, तर ती साहेबांना केव्हाच दिसली असती.

अंगणात एकच हशा पिकला. काकूंनी साहेबांच्या तळहातावर खिरापत ठेवली.

"घ्या साहेब. तासभर न हलता, न बोलता बसते ती ही डाळ. पोर तुमची तिकडे नाचतेय. चला, धरा फेर!"