रविवारची फायनल

“आणि पेशंटनं सरळच विचारलं, ‘डॉक्टर, माझे किती दिवस राहिले?’ तर काय सांगायचं, बाई?”

डॉ. निशिकांत हेरवाडकरांनी हे विचारलं, ते उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. कॅन्सरचे नावाजलेले डॉक्टर ते. याच प्रश्नावरचं त्यांचं व्याख्यान परिषदांमधून गाजलेलं. कोल्हापूरच्या या कार्यशाळेतही रविवारी दुपारी ते ठेवलं होतं.

बरे न होणारे रुग्ण कसे सांभाळावेत, हे शिकायला डॉक्टर मंडळी तिथल्या एका रुग्णालयात जमली होती. शिकवायला होत्या शिंत्रे बाई. अर्धं आयुष्य त्यांनी अशाच रुग्णांच्या उशाशी काढलेलं.

बाईंनी जरा घुटमळावं, मग आपण सांगावं, असा हेरवाडकरांचा बेत होता.

बाई घुटमळल्या नाहीत. वॉर्डातल्या रंगराव मोहित्यांनी सकाळीच हे विचारलंय, तुम्हीच जाऊन सांगा, एवढंच म्हणाल्या.

हेरवाडकर गेले. रंगराव एके काळचे पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. आता कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला होता. हेरवाडकरांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला आणि सांगायचं ते नीट सांगितलं. महिने नाहीत, आठवडे आहेत.

रंगरावांनी छताकडे बघत बोटं मोजली.

“आठवडे म्हंजे, एक तरी हाय न्हवं?”

“आहे.”

“मग रविवारची फायनल गावती की वो!”

आणि म्हातारा हसला. खुदुखुदु, खांदे हलवत. ‘आठवडे आहेत’ हे ऐकून कुणी हसल्याचं हेरवाडकरांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

परत येऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला मैदानावर जायचंय, पण मणके ठिसूळ झालेत, गर्दीत धक्का लागला तर काय, मैदानावर दुखणं उसळलं तर काय...

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मॉर्फिनच्या गोळ्यांची पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटली.

“गाडी तुमचीच मोठी आहे,” त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी हेरवाडकर रंगरावांची चाकाची खुर्ची ढकलत मैदानात शिरले. पेठेतली चार पोरं पुढे झाली, “दादा आलं, वाट सोडा,” म्हणत त्यांनी ती खुर्ची अलगद उचलून थेट गोलच्या मागे नेऊन ठेवली. रंगरावांनी बसल्या बसल्या कीपरला शिव्या घालायला सुरुवात केली. तो पोरगा मान तुकवून ऐकत होता. हेरवाडकरांना आधी लाज वाटली. मग गंमत वाटू लागली. उत्तरार्धात आपण कधी उठून ओरडायला लागलो, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टीत समोरच्यांचा शेवटचा फटका उरला, तोच रंगरावांचा चेहरा पांढरा पडला. ओठ घट्ट मिटले. हेरवाडकरांनी घाईघाईनं गोळी दिली, पाणी पाजलं आणि खुर्ची वळवली.

रंगरावांनी त्यांचं मनगट धरलं.

“थांबा.”

“रंगराव, आता जाऊ या.”

“थांबा म्हंतो न्हवं... डावीकडं मारणार हाय त्यो.”

हेरवाडकर थांबले. गुडघ्यावर बसले आणि आपलं मनगट त्यांच्या मुठीत तसंच राहू दिलं.

चेंडू डावीकडे आला. पोरानं झेप घेतली, बोटं लागली, पण चेंडू आत गेला. तालीम हरली.

रंगरावांचा श्वास हळूहळू मोकळा झाला. “बोटं लागली,” ते म्हणाले. “बघितलंसा? बोटं लागली पोराची!” आणि चेहरा असा फुलला, जणू कप आपणच जिंकलाय.

ते परतले तेव्हा कार्यशाळा संपली होती. डॉक्टर मंडळी बॅगा घेऊन व्हरांड्यात उभी होती. गाडीतून उतरतानाही दोघांचा वाद चाललेला. हेरवाडकर म्हणत होते, पोरानं आधी उडी घेतली. रंगराव म्हणत होते, तुमास्नी फुटबॉलातलं काय कळतंय. बिछान्यावर टेकेपर्यंत म्हातारा बोलतच होता, आणि बोलता बोलताच झोपला.

हेरवाडकर बाहेर आले. बुटांना माती, शर्ट घामानं भिजलेला. बाईंसमोर ते जरा ओशाळले.

“बाई, माझं व्याख्यान राहूनच गेलं.”

शब्द नीट उमटतही नव्हते.

“घसा पार बसलाय तुमचा,” त्या म्हणाल्या. “छान बोललात.”